थैलीतली मूठ

आमच्या घरात दोन चर्च नांदतात. एक सासरचं, वसईचं, कॅथोलिक: संध्याकाळची जपमाळ, रविवारची मिस्सा, प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मटण बंद आणि मासळी चालू. दुसरं माहेरचं, नगरचं, प्रोटेस्टंट: पांढऱ्या भिंती, पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं, बायबलच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा. एरवी दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात. आई नगरहून वसईला आली की पहिले एक-दोन दिवस पाहुणचारात जातात, मग तिची आणि पप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुंपते. भांडण म्हणता येणार नाही. ती त्यांना 'दादा' म्हणते, ते तिला 'ताई' म्हणतात. आवाज चढत नाही, चहा थांबत नाही. विषय बहुतेक एकच असतो: ख्रिस्ती माणसाने चांगलं वागायचं ते कशासाठी, आणि कसं.

आई निवृत्त परिचारिका. मिरजेला शिकली, मग नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात तिची सगळी नोकरी झाली. पप्पांची हयात बँकेच्या काउंटरमागे गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या धर्मग्रामातल्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे खजिनदार झाले. म्हणजे काउंटर सुटला, वही सुटली नाही.

या वेळी निमित्त झालं फोटोचं. ओटीवर तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड असं सामान मांडून आम्ही पुडे बांधत होतो. सोसायटीकडून ते काही घरांत जायचे होते. धर्मग्रामातला एक मुलगा मोबाइल घेऊन आला. म्हणाला, या खेपेला पुडे देताना फोटो काढू, ग्रुपवर टाकले की देणगीदार वाढतात. पप्पांनी मान डोलावली. आईने तेलाच्या पिशव्या मोजता मोजता वर पाहिलं.

"घेणाऱ्याचा चेहरा पण येणार का त्यात?"

"यायलाच हवा ना, ताई. नुसत्या पुड्यांचा फोटो कोण बघतंय?"

"मग देणगीदाराला नक्की काय बघायचंय? तांदूळ पोचलेले, की माणूस खाली मान घालून उभा राहिलेला?"

मुलगा मोबाइल खिशात घालून निसटला. पप्पांनी डोंगरावरच्या प्रवचनाचा आधार काढला.

"दिवा झाकून ठेवू नका, असं प्रभूनेच सांगितलंय. मत्तय, पाचवा अध्याय."

"मग पान उलटा आणि सहावा वाचा. दान करताना डाव्या हातालासुद्धा पत्ता लागू द्यायचा नाही, हेही त्यानेच सांगितलंय."

दोघांचंही बरोबर होतं. दोन्ही सूचना एकाच प्रवचनात आहेत, अध्यायाच्या अंतराने. पहिल्या ठिकाणी गौरव देवाकडे जावा म्हणून उजेड, दुसऱ्या ठिकाणी तो आपल्याकडे येऊ नये म्हणून आडोसा, असा मेळ प्रवचनकार घालतात. मेळ चांगला आहे. पण मोबाइलचा कॅमेरा चालू झाला की गौरव कुठल्या दिशेला निघालाय हे सांगणं अवघड असतं, आणि ते सांगण्याचा अधिकार पुडा घेणाऱ्याला कोणी दिलेला नसतो.

"फोटो नको तर नको," पप्पा म्हणाले. कॅथोलिक माणूस तपशिलात माघार घेतो, तत्त्वात नाही. "पण वही लागते. कोणत्या घरात गेलो, काय दिलं, पुढच्या भेटीला काय हवं. आमची सोसायटी सुरू कशी झाली ठाऊक आहे ना? 1833 साल, पॅरिस. फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी, वय वर्षं वीस. वादसभेत चर्चची बाजू मांडायचा. समोरच्यांनी विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी काय केलं ते राहू द्या, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? याच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने आणि त्याच्या मित्रांनी सिस्टर रोझाली रेंद्यूकडून गरीब वस्तीतल्या घरांचे पत्ते घेतले आणि घरोघर जायला लागले. आम्ही अजून तेच करतो. दोघादोघांनी जायचं, बसायचं, ऐकायचं. मनाला आलं म्हणून नाही, ठरलेल्या दिवशी. मनाला आलं म्हणून केलेलं चांगलं काम मनातून उतरलं की थांबतं."

"आणि ठरलेल्या दिवशी केलेलं?"

"ते ताप असला तरी होतं."

"ते खरं. पण ठरलेल्या दिवसाची एक गंमत असते, दादा. माणूस बाकीच्या सहा दिवशी सुटतो. आणि वही असली की बेरीज होते. बेरीज झाली की ती देवापुढे ठेवावीशी वाटते. ल्यूथरचं भांडण याच बेरजेशी होतं. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. तारण कृपेने, विश्वासाने. कमाईने नाही."

"याकोबाचं पत्र, तेही दुसरा अध्याय. उघड्या भुकेल्या भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावलं तर तो विश्वास मेलेला."

हा सामना मी इतक्या वेळा ऐकलाय की गुण मोजायला बसू शकेन. खरं तर या वादावर वरच्या पातळीवर सही-शिक्का होऊन गेलाय. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत, आउग्सबुर्ग इथे, कॅथोलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस कृपेने स्वीकारला जातो आणि सत्कृत्यं ही त्या स्वीकाराची फळं असतात, यावर मूळ मुद्द्यापुरतं आमचं एकमत आहे. शतकानुशतकांचं भांडण मिटलं, पण आमच्या ओटीपर्यंत त्याची प्रत आली नाही. किंवा आली असेल आणि दोघांनी मिळून बाजूला सारली असेल. दोघांनाही या वादाची चव आहे.

कृपा आणि कृत्यं हे शब्द माझ्या डोक्यावरून जायला लागले की मी आईला वॉर्डाकडे वळवते. या वेळी ती आपणहून वळली.

"नगरची थंडी तुम्हाला माहीत नाही, दादा. डिसेंबरात पहाटे वॉर्डातला स्टीलचा बेडपॅन बर्फासारखा असतो. पेशंट म्हातारा, ताप उतरून अंग गळालेलं, त्याच्या पाठीखाली तो थंडगार स्टीलचा तुकडा सरकवायचा. म्हातारं माणूस नुसतं 'अहं' करतं, बोलत नाही. मी स्टोव्हवर पाणी ठेवायची. पॅनमध्ये ओतायचं, फिरवायचं, टाकून द्यायचं, कडा फडक्याने पुसायची, हाताच्या उलट्या बाजूने बघायचं, चटका बसत नाही ना, आणि मग द्यायचा. दोन मिनिटांचं काम. ते कुठल्या चार्टवर लिहीत नाहीत. पेशंटलाही कळत नाही, त्याला वाटतं पॅन असाच असतो. माझ्या लेखी ती उपासना. रविवारची नंतर."

पप्पांनी थोडा वेळ घेतला. मग बँकवाल्याने विचारावं तेच विचारलं.

"पण ताई, त्याचा पगार मिळत होता."

"पगार बेडपॅन देण्याचा होता. गरम करण्याचा नव्हता."

हे त्यांना पटलं. पण ते पटल्यावर थांबणारे नाहीत.

"बरं. तुमची पाळी संपल्यावर जी नर्स यायची, ती करायची का गरम? नसेल करत, तर त्या म्हाताऱ्याला कोणाची पाळी आहे यावर ऊब मिळणार. नशिबावर. म्हणून नियम लागतो."

"केला ना नियम. इनचार्ज झाल्यावर भिंतीला कागद लावला. पोरी करायला लागल्या गरम." आई हसायला लागली. "मी वॉर्डात असले की."

इथे कोण जिंकलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नियम नसता तर ऊब एका पाळीपुरती राहिली असती. नुसता नियम होता तेव्हा ती आईच्या चपलांच्या आवाजावर अवलंबून राहिली. रोजचा चांगुलपणा या दोन्हींच्या मधे कुठेतरी होतो आणि त्याला नेमकं काय म्हणायचं ते मला येत नाही.

पप्पांनी मग दयेच्या कृत्यांची यादी काढली. कॅथोलिक मुलांना ती लहानपणी पाठ करून घेतात: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, तुरुंगातल्याची भेट आणि मृताला मूठमाती. सात. आई बोटं मोजत होती.

"सहा. मत्तय पंचवीसमध्ये सहाच आहेत. मूठमाती कुठून आणली?"

"तोबितच्या पुस्तकातून."

"ते आमच्या बायबलात नाही."

"म्हणून कोविडमध्ये तुम्हाला सुटी होती का?"

सुटी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवसांत इथे आमच्या गावातली कॉलेजची पोरं पीपीई किट घालून कबरस्तानात उतरत होती, ज्यांचे नातेवाईक गेटबाहेर थांबले होते त्यांना खाली सोडत होती. तिकडे आईच्या मंडळीतले दोघे-तिघे तेच करत होते, आणि त्यांच्या बायबलात तोबित नव्हता. पप्पा म्हणाले, यादी असली की संकटात विचार करावा लागत नाही. आई म्हणाली, यादी नसलेल्यांनीही विचार केला नाही.

"आणि मत्तय पंचवीसचंच म्हणाल," तिने पुढे रेटलं, "तर तिथले नीतिमान लोक शेवटच्या दिवशी चकित होतात. आम्ही तुला कधी भुकेला पाहिला, कधी आजारी पाहिला, असं विचारतात. त्यांना ठाऊकच नाही. वही असती तर विचारलं असतं का?"

"वही होती," पप्पा म्हणाले. "वरती. म्हणून तर त्यांना सांगता आलं."

मी दोघांना सुकेळी दिली. आगाशीकडची ही वाळवलेली केळी खाताना बोलता येत नाही, दाताला चिकटतात. पाच मिनिटं शांततेत गेली.

नंतर पप्पा शोमरोन्याच्या दाखल्यावर गेले. लूककृत शुभवर्तमानातला तो दाखला माहीत नाही असा ख्रिस्ती नाही, आणि बिगर ख्रिस्तीही थोडेच. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला. याजक बाजूने जातो, लेवी बाजूने जातो, आणि ज्याला यहुदी लोक जवळ करत नव्हते तो शोमरोनी थांबतो. पण ही गोष्ट परिचारिकेने ऐकणं वेगळं आणि कॅशिअरने ऐकणं वेगळं.

"त्याने जखमेवर द्राक्षारस ओतला," आई म्हणाली. "धुवायला. तेल लावलं, मऊ पडायला. पट्टी बांधली. स्वतःच्या जनावरावर घातलं, म्हणजे आपण चालत गेला. हे ज्याने लिहिलं त्याला ड्रेसिंग माहीत होतं. लूक वैद्य होता म्हणतात, मला पटतं."

"आणि दुसऱ्या दिवशी काय केलं? दोन दीनार काढून धर्मशाळेवाल्याला दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची अनामत, आणि वर सांगितलं, जास्त लागलं तर परत येताना देतो. उधारीचं खातं उघडलं, ताई! आणि स्वतः? निघून गेला. आपल्या कामाला. त्याने प्रवास रद्द केला नाही, धंदा सोडला नाही, उशाशी आठवडाभर बसला नाही. काय करायचं ते केलं, पुढची सोय लावली, पैसे बांधून दिले. मला हा माणूस या एका गोष्टीसाठी आवडतो. यात संतपणा नाही. व्यवस्था आहे."

मी हा दाखला इतक्या वर्षांत इतक्या प्रवचनांतून ऐकला, पण तो माणूस दुसऱ्या दिवशी निघून गेला याकडे माझं लक्ष पप्पांमुळे गेलं. चांगुलपणासाठी सर्वस्व सोडलं पाहिजे, या धास्तीनेच बहुतेक लोक काहीच करत नाहीत. शोमरोन्याने रात्र दिली आणि दोन दिवसांची मजुरी दिली. शिवाय परत येण्याचा शब्द दिला. तो शब्द बहुधा सगळ्यात महाग होता.

वसईला हा व्यवहारी शोमरोनी परका नाही. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी इथल्या एका धर्मगुरूंनी, मोन्सिनिअर मोनीस यांनी, 1918 साली पतपेढी काढली. तीच पुढे बॅसिन कॅथोलिक बँक झाली. मिस्सा सांगणाऱ्या हाताने व्याजाचा दर ठरवणं हे पप्पांना मुळीच विसंगत वाटत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या दिवसांबद्दलही ते असंच बोलतात. विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसून बाहेर चाललं होतं, वाड्यांवर बिल्डरांची नजर होती, आणि फादर मोर्चात पुढे. तेव्हा धर्मग्रामातले काही लोक कुरकुरले होते, फादरांनी वेदीपाशी थांबावं म्हणून. पप्पा मोर्चात होते. "आमच्या विहिरीचं पाणी खारं झालं असतं, तर तहानेल्याला पाणी कुठून पाजलं असतं?" असा त्यांचा सरळ हिशेब.

इथवर वाद घरगुती होता. मग मी मधे तोंड घातलं. म्हटलं, बाहेरचे लोक आपल्या चांगुलपणाबद्दल काय म्हणतात ते दोघांनाही माहीत आहे. पुडा दिला की विचारतात, याच्या मागे काय आहे?

आई लगेच म्हणाली, "विचारू देत. विचारण्यासारखंच आहे."

मला वाटलं होतं ती चिडेल.

"पंडिता रमाबाईंना काय कमी ऐकावं लागलं? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवायला, पुढे ते पुण्याला हलवलं. धर्मात ढवळाढवळ करायची नाही असं ठरलेलं. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. 1893 मध्ये ओरड झाली. रानडे, भांडारकर, एवढी मोठी माणसं, त्यांनी अंग काढून घेतलं. बाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावलं नाही, पण माझं दार मी लावणार नाही. मला दोघांचंही म्हणणं कळतं. ज्याच्या घरी आपण शिकतो, जेवतो, त्याच्या प्रार्थनेचं दार उघडं असलं की ते नुसतं दार राहत नाही."

"म्हणजे दार लावायचं?" पप्पांनी विचारलं. "वॉर्डात तुम्ही सकाळची प्रार्थना बंद केली होती का?"

"नाही. पण इंजेक्शन प्रार्थनेच्या आधी दिलं. नेहमी. जो प्रार्थनेला मान फिरवून झोपायचा, त्यालाही पॅन गरमच मिळायचा. माझी परीक्षा तेवढीच होती. कोणी ख्रिस्ती व्हावं म्हणून चांगलं वागणं हा सौदा. मी ख्रिस्ती आहे म्हणून चांगलं वागणं, तो माझा आणि प्रभूचा प्रश्न, पेशंटचा त्याच्याशी संबंध नाही."

"पण चांगुलपणा बघून कोणी आलाच तर?"

"माझे पणजोबा आले होते की. दुष्काळात. लोक म्हणाले, धान्यासाठी गेला. धान्यासाठी गेलेच होते, उपाशी माणूस आणखी कशासाठी जाईल? पण दुष्काळ सरला, धान्य इतर ठिकाणीही मिळायला लागलं, तरी ते परतले नाहीत. कारण मिशनच्या शाळेत त्यांचा मुलगा बाकावर बसला होता. गावच्या शाळेत तो पायरीच्या खाली बसायचा. धान्याने गेले असतील, बाकामुळे राहिले."

मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि बाक मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही."

हे वाक्य कुठे जाणार ते मला कळलं. माझं लग्न ठरलं तेव्हा पप्पांच्या भावकीतल्या एकाने विचारलं होतं, "नगरचे ख्रिस्ती? म्हणजे कोणते?" 'कोणते'चा अर्थ कॅथोलिक की प्रोटेस्टंट असा नव्हता. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा आमच्या ओळी आहेत. बाप्तिस्मा एकच, पण सोयरीक ओळीतच. नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरून आलेले, हे विचारणाऱ्याला पक्कं माहीत होतं. कायद्यालाही माहीत आहे, वेगळ्या पद्धतीने: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती संपतात. कागदावर जात जाते, प्रश्नात राहते.

शोमरोन्याच्या दाखल्यात शेवटी येशू शास्त्र्याला विचारतो, या तिघांतला शेजारी कोण ठरला? शास्त्री 'शोमरोनी' असं म्हणत नाही. ज्याने दया केली तो, असं म्हणतो. नाव तोंडावर येत नाही.

पप्पांनी त्या वेळी भावकीतल्या माणसाला काय उत्तर दिलं, ते मला पुष्कळ नंतर सासूबाईंकडून कळलं. उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी ते एकटेच एसटीने नगरला गेले, आईच्या घरी जेवले, रात्री तिथेच झोपले आणि परत आल्यावर भावकीत सांगितलं, "भाकरी पातळ असते त्यांची. आपल्याला जमणार नाही." विषय तिथे संपला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सोवळं सुटण्याचा आपला प्रवास सांगितलाय. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हे ठरवणं त्यांना प्रवचन ऐकण्यापेक्षा किती जड गेलं ते वाचलं की पप्पांच्या त्या एसटीच्या तिकिटाची किंमत कळते. सोसायटीच्या वहीत ते तिकीट नाही. हे मी त्या दिवशी बोलून दाखवलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "ती व्याह्यांची भेट होती. दयेचं कृत्य नव्हतं ते." आई म्हणाली, "म्हणूनच तर."

मग तिने जामखेडचं सांगितलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको, वेल्लोरचे डॉक्टर, आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. येणारे बहुतेक आजार टाळता येण्यासारखे आहेत आणि हॉस्पिटलात बसून ते टळणार नाहीत, हे त्यांना तिथे दिसलं. 1970 मध्ये ते जामखेडला आले आणि गावातल्याच बायका निवडून त्यांना शिकवलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, पोरांची वजनं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी. दुष्काळात बोअर घ्यायचे तर ते दलित वस्तीत घ्यायचा आग्रह धरला, म्हणजे पाण्याला इतरांनी तिकडे यावं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

"मी तिथे शिबिराला गेले होते," आई म्हणाली. "अंगठा उठवणारी बाई, पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की सरळ ते आम्हा शिकलेल्या नर्सेसना दाखवत होती. माझा हात धरून, 'इथं दाब, हळू.' आदल्या वर्षापर्यंत तिच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. डॉक्टरांनी तिच्यावर दया केली असती, तर ती वर्षाला दोन लुगडी घेऊन घरी बसली असती. त्यांनी तिच्याकडून काम घेतलं. तुमच्या पुड्यांत मला हेच दिसत नाही, दादा. देणारे तेच, घेणारे तेच. वर्षानुवर्षं."

पप्पांना हे लागलं. ते उठले, आत गेले आणि एक कापडी थैली घेऊन आले. निळी, तोंडाला नाडी, धुऊन धुऊन विटलेली.

"ही बघा. आमच्या प्रत्येक बैठकीत ही फिरते. गुप्त थैली. ओझानामच्या काळापासूनचा रिवाज. प्रत्येकाने मूठ बंद करून आत घालायची, आत उघडायची, बंद करून बाहेर काढायची. कोणी पाचशे टाकतो, कोणी दहा. ज्याच्याकडे त्या आठवड्याला काहीच नसतं, तोही मूठ घालतो. खजिनदार म्हणून मी रक्कम मोजतो, पण कोणाचे किती ते मलाही कळत नाही. तुमचा डावा हात, ताई. आम्ही त्याला थैली शिवलीय."

आईने थैली हातात घेतली, आत हात घालून पाहिला, शिवण तपासली. नर्सची सवय.

"छान आहे," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. "ज्याला पुडा मिळतो, त्याची मूठ जाते का यात?"

"ते सभासद नाहीत, ताई."

"का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"त्यांनी, की तुम्ही?"

"अहो, ज्याच्या घरी तांदूळ नाही, त्याच्यापुढे थैली धरायची? लाजेल तो."

"आत्ताच म्हणालात ना, रिकामी मूठ कळत नाही."

पप्पांनी नाडी ओढली, सोडली, परत ओढली. बँकेत खातं जुळत नसलं की ते असंच पेनचं टोपण काढ-घाल करत असणार.

"मंगळवारी बैठकीत मांडतो," ते म्हणाले. "एखाद्या घरातल्या बाईला बोलवू, भेटीला जाताना बरोबर नेऊ. कोणाच्या घरी काय अडलंय ते तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, ते खरं आहे. पण अध्यक्ष काय म्हणतील ते आत्ताच सांगतो. म्हणतील, मदत घेणाराच यादी करायला बसला, तर स्वतःचं नाव पहिलं लिहील."

"लिहू दे की," आई म्हणाली आणि पुढचा पुडा बांधायला घेतला. "तुमच्या यादीत ते आहेच ना?"